देशी वेली हव्यात तर मागणी ऑगस्टमध्ये नोंदवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

ठाण्यात आणि नवी मुंबईत उड्डाणपुलांचे खांब, दुभाजकांवरच्या जाळ्या, गृहसंकुलांच्या कुंपणभिंती वेलींनी झाकायचं काम ठिकठिकाणी चाललं आहे. आनंदाची गोष्ट आहे. पण चढवलेल्या वेलींची नावं घेत गेलं की मन खट्टू होतं. परदावेल ब्रह्मदेश-थायलंडकडची, संक्रांतवेल ब्राझीलची, आइसक्रीमवेल मेक्सिकोची, बोगनवेल आणि लसूणवेल दक्षिण अमेरिकेतल्या. येऊर, पारसिक, खारघर, कर्नाळा हे डोंगर हाकेच्या अंतरावर असताना आपली कळलावी, कुसर, मोरवेल, सापसंद, शिरदोडी रस्त्यावर शोधूनही सापडत नाही. नागरिक आता त्याबद्दल विचारू लागले आहेत, आणि त्यांना एक ठरलेलं उत्तर मिळतं: ‘देशी वेलींची रोपं बाजारात नाहीत; टिश्यू कल्चर करून घेऊ, हवी तितकी मिळतील.’ टिश्यू कल्चर म्हणजे ऊतिसंवर्धन: वेलीचा लहानसा तुकडा किंवा बी निर्जंतुक करून बाटलीतल्या पोषक माध्यमावर वाढवायचं आणि त्यापासून रोपं करायची. या आणि रोपवाटिकेच्या कामातले आम्ही काही जण त्या उत्तराबद्दल लिहीत आहोत. ते अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यात मातृवेली (ज्यांच्यापासून रोपं करायची त्या मूळ वेली), वेळापत्रक आणि हार्डनिंग (बाटलीतल्या रोपाला बाहेरच्या हवेची सवय लावणं) या तीन गोष्टी येतात. त्या आधी ठरवून घेतल्या नाहीत तर पैसे जातात आणि एक पावसाळाही जातो.

पहिली गोष्ट अशी की बऱ्याच देशी वेलींना बाटलीची गरजच नाही. मोरवेलीचं पिसासारख्या शेपटीचं बी हिवाळ्याच्या अखेरीस गोळा करून पेरता येतं. जाई-जुईचे फाटे लागतात. शतावरी बियांपासून होते. समुद्रशोकाच्या बीचं टणक कवच कानशीनं जरा घासून रात्रभर पाण्यात टाकलं की काम झालं. कुसर, म्हणजे आपला रानमोगरा, फाट्यानं नखरे करतो. पण पावसाच्या तोंडाशी जमिनीलगतची फांदी पेराजवळ खरवडून मातीत दाबली तर मुळं धरतो. माधवी ऊर्फ हळदवेलीचं तीन पंखांचं फळ ताजं असतानाच पेरावं, नाहीतर गुटी बांधावी. ही दांडगी, लाकडी वेल आहे. तिला मांडव किंवा मोठी कमान द्यावी, खांब नको. मॉरिशस आणि रियुनियन बेटांवर हीच वेल उपद्रवी ठरली आहे. इथं ती घरचीच आहे, पण आकाराचं भान ठेवावंच लागतं. या वेलींसाठी कोणी ऊतिसंवर्धनाचा खर्च सुचवत असेल तर तो नाकारावा.

बाटली उपयोगी पडते ती मुख्यतः चार ठिकाणी: कळलावी, सापसंद, शिरदोडी आणि कंदीलपुष्पं. कळलावीचंच पाहा. तिचा कंद नांगराच्या फाळासारखा, दोन भुजांचा असतो आणि प्रत्येक भुजेच्या टोकाला एकच डोळा असतो. टोक मोडलं की ती भुजा फुटत नाही. चांगल्या हंगामात एका कंदाचे दोन होतात, त्याहून वेगानं निसर्गात वाढ नाही. बियांपासून फूल यायला तीन-चार वर्षं लागतात. म्हणून बाजारात येणारा कंद पुष्कळदा डोंगरातून खणलेला असतो. राष्ट्रीय उद्यानातून किंवा अभयारण्यातून असं काही उपटून आणणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, मग ते कंत्राटदारानं आणलेलं असो वा हौशी बागकाम करणाऱ्यानं. सापसंदाचं मोल वेगळं आहे. कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ ही काळी-लाल फुलपाखरं याच्या पानांवर अंडी घालतात, त्यांच्या अळ्यांना दुसरं फारसं काही चालत नाही. शिरदोडीची जांभळट-गुलाबी, मांसल फुलं कोणत्याही विदेशी वेलीच्या तोडीची आहेत. मुळांसाठी ओरबाडली गेल्यानं ती दुर्मीळ झाली आहे. कंदीलपुष्पं मात्र खांबासाठी नव्हेतच. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात त्यांवर मोठं काम झालं आहे. त्यातल्या अनेक जाती सह्याद्रीच्या एखाद-दुसऱ्या कड्यापुरत्या उरलेल्या आहेत. त्या वनस्पती उद्यानात आणि जाणकाराच्या कुंडीत असाव्यात.

आता मातृवेलीविषयी. प्रयोगशाळेत एका सुंदर वेलीपासून हजार रोपं करता येतात, आणि घोटाळा नेमका तिथं होतो. ती हजार रोपं म्हणजे एकच वेल. एकाच रोगाला सगळ्या बळी पडतात, आणि ज्या वेलींना फळ धरायला दुसऱ्या वेलीचे पराग लागतात त्या फुलतात पण वांझ राहतात. फुलपाखरं-पक्षी यावेत म्हणून देशी वेल लावायची तर हे चालणार नाही. निदान २० ते ३० वेगवेगळ्या मातृवेली हव्यात, शक्यतो वेगवेगळ्या डोंगरांवरच्या बियांपासून वाढवलेल्या, बी परवानगीनं घेतलेलं. प्रत्येकीला क्रमांक, आणि तो क्रमांक बाटलीवर, ट्रेवर, पिशवीवर शेवटपर्यंत. सापसंद आणि शिरदोडीच्या बाबतीत तर आम्ही थेट बियांपासूनच सुरुवात करावी असं सांगू: बी निर्जंतुक करून बाटलीतच रुजवलं की संसर्गही कमी आणि प्रत्येक रोप वेगळ्या वंशाचं. शिरदोडीची शेंग तडकण्याआधी दोन-तीन दिवस काढावी. एकदा तडकली की रेशमी शेपट्यांवर बी उडून जातं, आणि शेपटीचे धागे राहिलेल्या बीवर निर्जंतुक करणारं द्रावण नीट बसत नाही. ते धागे चिमट्यानं काढूनच बी बुडवावं.

कळलावीत बियांचा मार्ग फार लांबचा, म्हणून कोंबापासून सुरुवात करावी लागते. अडचण अशी की कळलावी फुटतेच पावसाळ्यात, आणि त्या दिवसांत उघड्यावरच्या कोवळ्या फुटीवर बुरशीचे बीजाणू आणि चिखलाचे शिंतोडे भरपूर असतात. डोंगरातून किंवा बागेतून आणलेला कोंब कितीही धुतला तरी आठवड्यात बाटली पांढरी होते. यावर उपाय एकच: कंद मे महिन्यात छपराखाली कुंडीत, वाफवलेल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) लावायचा. पाणी बुडाशी द्यायचं, पानांवर कधीच नाही. आठवड्यातून एकदा कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची १ ग्रॅम प्रतिलिटर फवारणी. फुटल्यापासून चार-पाच आठवड्यांनी, सकाळी ऊन आल्यावर, कोंबाचं टोक आणि वरची दोन-तीन पेरं घ्यायची. पावसाच्या झडीत किंवा झड थांबल्यावर लगेच घेऊ नयेत.

एक-एक डोळा असलेले दीड ते दोन सेंटिमीटरचे तुकडे करावेत. नळाच्या वाहत्या पाण्याखाली अर्धा तास, त्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब. मग कार्बेन्डाझिम १ ग्रॅम प्रतिलिटरमध्ये २० मिनिटं. पुढचं सगळं लॅमिनारमध्ये, म्हणजे गाळलेली स्वच्छ हवा वाहणाऱ्या कपाटात: ७० टक्के अल्कोहोलमध्ये ३० सेकंद, सोडियम हायपोक्लोराइटमध्ये ८ ते १० मिनिटं, आणि निर्जंतुक पाण्याच्या चार धुलाया, प्रत्येकी तीन-चार मिनिटांच्या. हायपोक्लोराइट १ टक्का क्लोरीनचं हवं. ४ टक्क्यांचं द्रावण असेल तर १ भाग त्याचा आणि ३ भाग पाणी. उन्हाळ्यात उघड्या कपाटात पडून राहिलेल्या बाटलीची ताकद निम्म्यावर आलेली असू शकते आणि लेबलवर मात्र ४ टक्केच लिहिलेलं असतं. एका खेपेला अचानक सगळ्या नळ्या बुरशीनं भरल्या तर आधी ही बाटली बदलून पाहावी.

अनेक ठिकाणी अजून ०.१ टक्का मर्क्युरिक क्लोराइड वापरतात. परिणाम पक्का मिळतो हे खरं. पण त्याचं धुवण बेसिनमध्ये ओतलं की पारा नाल्यातून खाडीत जातो, आणि आपली ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. डोंगरावरची वेल वाचवताना खाडीतल्या माशांत पारा घालायचा, हे आम्हाला मान्य नाही. ज्यांना ते वापरावंच लागतं त्यांनी धुवण वेगळ्या कॅनमध्ये साठवून घातक कचऱ्याच्या अधिकृत व्यवस्थेकडे द्यावं.

सुरुवातीला एका परीक्षानळीत एकच तुकडा. काटकसर म्हणून एका बाटलीत पाच घातले तर एका तुकड्याची बुरशी पाचही घेऊन जाते. कापलेल्या टोकांचा द्रावणानं पांढरा पडलेला दोन-तीन मिलिमीटर भाग काढून टाकावा, तुकडा उभा रोवावा, डोळा माध्यमाच्या वर राहील असा. बुरशी तीन ते पाच दिवसांत दिसते. जिवाणू लबाड असतात: तुकड्याच्या बुडाशी दुधाळ वलय आठवड्यानं, कधी तर तिसऱ्या-चौथ्या पालटानंतर (ताज्या माध्यमावर हलवल्यानंतर) उमटतं, कारण ते ऊतींच्या आत दडलेले असतात. अशी नळी प्रतिजैविकानं वाचवत बसू नये. न उघडता ऑटोक्लेव्ह करून (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करून) टाकून द्यावी.

शिरदोडी आणि कंदीलपुष्पांना चीक असतो. कापल्याबरोबर तो वाळून टोक बंद करतो आणि माध्यम तपकिरी पडतं. म्हणून कापणी पाण्याखालीच करावी, तुकडे १०० मिलिग्रॅम प्रतिलिटर ॲस्कॉर्बिक आम्ल आणि तितकंच सायट्रिक आम्ल घातलेल्या पाण्यात अर्धा तास ठेवावेत, आणि पहिल्या आठवड्यात दुसऱ्या व चौथ्या दिवशी ताज्या माध्यमावर हलवावेत. मेहनतीचं आहे, पण त्याशिवाय तुकडा काळा पडतो.

माध्यम बहुतेक सगळीकडे मुराशिगे आणि स्कूग यांचं वापरतात. ते १९६२ मध्ये तंबाखूच्या ऊतींसाठी बसवलं गेलं, हे लक्षात असावं. त्यात अमोनियम नायट्रेट १,६५० आणि पोटॅशियम नायट्रेट १,९०० मिलिग्रॅम प्रतिलिटर, म्हणजे नत्र भरपूर. कळलावी आणि सापसंदाला ते मानवतं. लाकडी वेलींना ते जड जातं, पानं पिवळी पडून गळतात. तिथं अमोनियम व पोटॅशियम नायट्रेट दोन्ही निम्मी करावीत किंवा झुडपांसाठीचं वुडी प्लांट माध्यम घ्यावं. साखर ३० ग्रॅम, आगर ७ ते ८ ग्रॅम, सामू (पीएच) ५.८, आणि ऑटोक्लेव्ह १२१ अंश सेल्सिअस व १५ पौंड दाबाला १५ ते २० मिनिटं. सामू ५.२ च्या खाली गेला तर आगर घट्ट होत नाही, तुकडे आडवे पडून बुडतात. ऑटोक्लेव्हनंतर सामू आणखी थोडा उतरतो, म्हणून मीटर रोज जुळवून घ्यावा. प्रयोगशाळेतल्या सुक्रोजऐवजी घरची पांढरी साखर बिनदिक्कत चालते. आगराऐवजी इसबगोलही वापरता येतं, लिटरला ३० ग्रॅम. पण माध्यम गढूळ दिसतं आणि जिवाणूंचं वलय उशिरा लक्षात येतं. शिकाऊ हातांना आम्ही ते सुचवणार नाही.

वाढीची संप्रेरकं हा सगळ्यात बिघडणारा भाग. आपल्याकडच्या बहुतेक व्यावसायिक प्रयोगशाळांचा हात केळीवर बसलेला आहे. केळीला बीएपी (फुटवे आणणारं संप्रेरक) ३ ते ५ मिलिग्रॅम प्रतिलिटर सहज चालतं, आणि तीच बाटली वेलीला दिली जाते. वेलींना १ ते दीड मिलिग्रॅम बीएपी आणि ०.१ मिलिग्रॅम एनएए हे दुसरं संप्रेरक पुरतं. त्यापुढे गेलं की फुटवे संख्येनं वाढतात, पण पानं काचेसारखी पारदर्शक, ठिसूळ, पाण्यानं फुगलेली होतात, आणि बुडाशी कॅलस, म्हणजे आकार नसलेल्या पेशींचा गाठीसारखा गोळा, वाढतो. मोजायला बाटलीत २० फुटवे दिसतात; त्यातले बाहेर आल्यावर जगणारे दोन. कॅलसमधून फुटलेले कोंब तर बाजूलाच काढावेत, त्यांच्यात मूळ वेलीपेक्षा वेगळे गुण येण्याचा धोका असतो. काचाळ रोपं दिसू लागली तर बीएपी निम्मं करावं, आगर ८ ग्रॅमपर्यंत न्यावं आणि झाकण हवा खेळणारं लावावं. शेंड्याचं टोक काळं पडणं हा दुसरा नेहमीचा रोग. बंद बाटलीत पानांतून पाणी उडत नाही, त्यामुळे कॅल्शियम शेंड्यापर्यंत पोचतच नाही. तेही हवेशीर झाकणानं आणि कॅल्शियम क्लोराइड ४४० वरून ६६० मिलिग्रॅमवर नेल्यानं आटोक्यात येतं.

वाढकक्ष २५ अंशांवर, प्रकाश दिवसाला १६ तास, २,००० ते ३,००० लक्स. ठाणे-नवी मुंबईसाठी एक खास सूचना. वीज गेली, एसी बंद पडला, खोली ३२ अंशांवर गेली आणि पुन्हा एसी सुरू होऊन २५ ला आली, की बाटलीतली हवा आकसते आणि बाहेरची दमट हवा झाकणाच्या फटीतून आत ओढली जाते. पावसाळ्यात त्या हवेत बीजाणू भरलेले असतात. दोन-तीन दिवसांनी मांडणीवरच्या जुन्या, स्वच्छ बाटल्याही भरू लागतात आणि दोष लॅमिनारवर काम करणाऱ्या मुलींच्या हातावर ढकलला जातो. दोष वीज गेल्यावर बंद पडलेल्या एसीचा असतो. बुरशी एका बाटलीतून शेजारच्या बाटलीत ओळीनं सरकत गेलेली दिसली तर मात्र सूक्ष्म कोळी (माइट) किंवा मुंग्या शोधाव्यात.

पालट दर चार आठवड्यांनी, आणि एका तुकड्यापासून सहा ते आठ पालटांपुढे जाऊ नये. तिथून नव्या मातृवेलीकडे वळावं. हिशेब असा मांडावा. वीस स्वच्छ कोंब हाती आले आणि दर पालटाला तिप्पट झाले, तर पाच पालटांत ४,८६० होतात. मुळं धरताना ८० टक्के आणि हार्डनिंगमध्ये ७५ टक्के जगले असं धरलं, तर रोपं २,९०० च्या आसपास. कळलावी तिप्पट देत नाही. दुप्पट मिळाली तर पाच पालटांत ६४० कोंब, म्हणजे तितकीच रोपं हवी तर सुरुवातच दीडशेक कोंबांनी करावी लागते. वेळ म्हणाल तर सुरुवातीचे ८ आठवडे, पालटांचे २०, मुळांचे ४ आणि हार्डनिंगचे किमान १०. एकूण ४२ आठवडे. मुंबईत मोसमी पावसाची सर्वसाधारण तारीख ११ जून. तिथून ४२ आठवडे मागे मोजत गेलं की ऑगस्टचा तिसरा आठवडा येतो. योगायोगानं कळलावीचे कोंबही तेव्हाच हाती येतात. निविदा एप्रिलमध्ये काढून जूनला देशी वेली मागितल्या तर पुरवणाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात: परदावेल आणून देणं किंवा डोंगर खणणं.

मुळांसाठी माध्यम निम्म्या ताकदीचं, साखर १५ ते २० ग्रॅम, आयबीए (मुळं आणणारं संप्रेरक) अर्धा ते १ मिलिग्रॅम, आणि १ ग्रॅम सक्रिय कोळसा, कारण मुळांना अंधार आवडतो. आयबीए जास्त झालं तर खोड आणि मूळ यांच्यामध्ये कॅलस बसतो. रोप धडधाकट दिसतं, पण मुळाची नळी खोडाला जोडलेलीच नसते. बाहेर आलं की दुसऱ्या दिवशी मान टाकतं. कळलावी आणि कंदीलपुष्पांत वेगळी सोय आहे. शेवटच्या पालटात साखर ६० ग्रॅमवर नेली की बाटलीतच वाटाण्याएवढे कंद धरू लागतात. हे कंद बाहेर लावणं पानांच्या रोपापेक्षा पुष्कळ सोपं, कारण पान वाळलं तरी कंद जिवंत राहतो आणि पुन्हा फुटतो. कळलावीसाठी आम्ही हाच रस्ता सुचवतो.

आणि आता हार्डनिंग, ज्याला सगळ्यात कमी जागा आणि सगळ्यात कमी पैसे दिले जातात. बाटलीतल्या पानावर मेणाचा थर जवळपास नसतो आणि पानाची छिद्रं मिटायला शिकलेली नसतात. रोप बाहेर येताच पाणी उडतं, मुळं ते भरून काढू शकत नाहीत. म्हणून पहिले १० ते १२ दिवस ८५ ते ९० टक्के आर्द्रता हवी, मग हळूहळू कमी. कृती साधी आहे. मुळं दोन ते चार सेंटिमीटर झाली की रोप काढून कोमट पाण्यात आगर पूर्ण धुवायचं. बोटाला बुळबुळीत लागलं म्हणजे साखर राहिली, आणि साखर राहिली म्हणजे बुरशी आली. कार्बेन्डाझिमच्या पाण्यात पाच मिनिटं बुडवून प्रोट्रेमध्ये (खाचांच्या ट्रेमध्ये) लावायचं, तीन भाग कोकोपीट आणि एक भाग परलाइट. कोकोपीट किमान तीन पाण्यांत धुवावंच. किनाऱ्याकडच्या काथ्यात मीठ असतं आणि ते कोवळी मुळं जाळतं. ईसी मीटरवर (क्षार मोजणाऱ्या मीटरवर) ०.५ च्या खाली आल्याशिवाय ट्रे भरू नये. त्यावर पॉलिथिनचा बोगदा, आणि बोगद्यावर बाहेरून ७५ टक्क्यांची शेडनेट. शेडनेट बोगद्याच्या आत बांधली तर ऊन आत शिरून अडकतं आणि एप्रिलच्या दुपारी आतलं तापमान चाळिशीच्या वर जातं. चौथ्या दिवसापासून सकाळी अर्धा तास बोगद्याची टोकं उघडायची, रोज थोडी वाढवत न्यायची. तीन आठवड्यांनी बोगदा काढून ५० टक्के सावलीत पिशवीत बदलायचं, आणि पहिलं खत नवं पान आल्यावरच, १९:१९:१९ एक ग्रॅम प्रतिलिटर.

‘आपली हवा दमटच, रोपं पावसाळ्यात सरळ बाहेर ठेवा’ असं ऐकायला मिळतं. जुलैतली हवा दमट असते हे खरं, पण तेव्हा ऊन नसतं, ट्रे सुकत नाही आणि रोपमर एका रात्रीत आख्खा ट्रे बुडापासून लोळवते. जानेवारी-फेब्रुवारीत दुपारी पूर्वेचे कोरडे वारे सुटले की उलट होतं, झाकण दहा मिनिटं उघडं राहिलं तरी पानं कुरकुरीत. ४२ आठवड्यांच्या हिशेबात हार्डनिंग मार्चअखेर ते मे येतं, म्हणजे फॉगर, बाहेरून शेडनेट आणि सकाळ-संध्याकाळ हजर असणारा माळी हवा. प्रयोगशाळेतून बाटल्या घेऊन ‘बाकी आमचे कर्मचारी बघतील’ हे जमणारं काम नाही.

जागेवर लावतानाही वेलीचा स्वभाव पाहावा. यातली एकही वेल वॉलक्रीपरसारखी काँक्रीटला चिकटत नाही. कळलावी पानाच्या टोकाच्या ताणानं धरते, मोरवेल देठ वळवून, तर कुसर, सापसंद, शिरदोडी खोडानं पीळ घालतात. पीळ घालणाऱ्यांना तीन-चार मिलिमीटरची उभी तार, कळलावीला पाच सेंटिमीटर चौकडीची जाळी, दोन्ही खांबापासून पाच सेंटिमीटर सोडून. पुलाखाली पाऊस पडत नाही हे पावसाळ्यात विसरलं जातं. तिथं ठिबक जूनपासूनच सुरू हवं, आणि ज्या खांबाला दिवसाचे चार तासही ऊन नाही तिथं फुलांची अपेक्षा ठेवू नये. खड्डा ४५ सेंटिमीटर चौरस व तितकाच खोल, तळाशी खडी. कळलावीचा कंद पाणी साचलं की कुजतो. आणि कळलावीचे सगळे भाग, विशेषतः कंद, विषारी आहेत. त्यातलं कोल्चिसीन जीव घेऊ शकतं. शाळा, खेळाची मैदानं, गृहसंकुलातली मुलांची जागा इथं ती लावू नये. मुलांच्या हाताला येणार नाही अशा दुभाजकाच्या जाळीवर शोभते. सापसंदही औषध म्हणून कोणी तोडून नेऊ नये, त्यातलं ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंड निकामी करतं. तशी पाटी मराठीत लावावी.

महापालिका, सिडको किंवा गृहसंस्था, ज्यांना खरोखर देशी वेली लावायच्या आहेत त्यांनी करारात पुढील गोष्टी घालाव्यात अशी आमची विनंती आहे. मागणी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात नोंदवावी. मातृवेलींचा वाफा पालिकेच्याच रोपवाटिकेत छपराखाली असावा, म्हणजे बी-कंद कुठून आले हा प्रश्न दरवर्षी उठणार नाही. किमान २० वंश, म्हणजे २० वेगळ्या मातृवेली, हवेत, आणि एकाही वंशाची रोपं एकूण रोपांच्या दहा टक्क्यांहून जास्त नकोत. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाची टिश्यू कल्चर रोपांसाठीची प्रमाणन व्यवस्था २००६ पासून आहे. तिची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेला प्राधान्य द्यावं. ‘रोप’ म्हणजे काय ते लिहावं: बाटलीबाहेर किमान दहा आठवडे वाढलेलं, बाहेर आलेली निदान चार नवी पानं असलेलं, पिशवी काढली तर माती मुळांनी धरून ठेवणारं. बाटलीतल्या रोपाचे पैसे देऊ नयेत.

देयक तीन हप्त्यांत असावं. पहिला हप्ता पिशवीतलं रोप ताब्यात आल्यावर आणि दुसरा ऑक्टोबरमध्ये जिवंत रोपं मोजून. तिसऱ्या हप्त्याबाबत कळलावीसाठी वेगळा नियम करावा. पाऊस सरला की ती जमिनीवरून पूर्ण नाहीशी होते, आणि नोव्हेंबरमध्ये आलेला माळी मेली समजून वाफा उकरतो, कंद कचऱ्यात जातो. म्हणून तिच्या प्रत्येक खड्ड्यापाशी ‘खाली कंद आहे, खणू नये’ अशी खूण रोवावी, नोव्हेंबर ते मे तिथलं ठिबक बंद ठेवावं, आणि तिचा शेवटचा हप्ता पुढच्या जूनमध्ये कोंब वर आल्यावर, कोंब मोजून द्यावा. फूल त्याच वर्षी येईलच असं धरू नये. बाटलीतून आलेल्या कंदाला पोसायला दोन-तीन पावसाळे लागतात.

आपले,
ऊतिसंवर्धन व रोपवाटिकेच्या कामातील काही जण,
ठाणे आणि नवी मुंबई